‘ऑपरेशन यशस्वी’ म्हणजे नेमकं काय? यकृत प्रत्यारोपणाचा इतिहास, एका आकड्याच्या मागोमाग

"सक्सेस किती टक्के आहे, डॉक्टर?"

लिव्हर ट्रान्सप्लांट करावं लागेल असं कळलं, की घरचे लोक बहुतेक हाच प्रश्न आधी विचारतात. डॉक्टर एक आकडा सांगतात. तो आकडा घरी येतो, फोनवरून मामा-काकांपर्यंत जातो, आणि त्याच्या जोरावर कर्ज काढायचं की जमीन विकायची हे ठरतं. एवढी मोठी उलाढाल ज्या आकड्यावर होते, तो आला कुठून हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. तुम्ही संशोधनात यायची तयारी करताय, तेव्हा तुम्ही विचारायला हवं. कशाचे टक्के? किती दिवस जगलं की सक्सेस धरायचा? आणि भागाकार करताना छेदात कोणाला घेतलं, कोणाला वगळलं?

या लेखात मी यकृत प्रत्यारोपणाचा इतिहास याच अंगाने सांगणार आहे. प्रत्येक टप्प्यावर थांबून एकच गोष्ट विचारू: त्या दिवशी पेशंटला खरंखुरं काय सांगता आलं असतं? एक खुलासा आधीच करते. मी डॉक्टर नाही. माझं पीएचडीचं काम यकृताच्या पेशींवर आहे, पेशंटवर नाही. त्यामुळे इथे उपचाराचा सल्ला नाही, पण पेशंटने आणि त्याच्या घरच्यांनी माहीत करून घ्याव्यात अशा बऱ्याच गोष्टी या इतिहासातच पडलेल्या आहेत.

सुरुवातीला एक फरक डोक्यात पक्का करा. किडनी बंद पडली तर डायलिसिस आहे. ऑपरेशन फसलं, नवी किडनी शरीराने नाकारली, तरी पेशंट मशीनवर परत जाऊ शकतो. यकृताला असा आधार तेव्हा नव्हता, आणि किडनीइतका भरवशाचा आजही नाही. साखर सांभाळणं, अमोनिया निस्तरणं, पित्त तयार करणं, रक्तातली प्रथिनं बनवणं, अशी शेकडो कामं हा एक अवयव करतो. यातलं एक काम सर्जनच्या दृष्टीने फार महत्त्वाचं: रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतातच तयार होतात. म्हणजे ज्याचं यकृत निकामी झालंय त्याचं रक्त धड गोठत नाही, आणि नेमकं त्याच माणसाच्या पोटातलं सगळ्यात रक्ताळ इंद्रिय काढून दुसरं बसवायचं. बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी १९५४ च्या डिसेंबरात जुळ्या भावांमध्ये किडनी बदलली आणि ते जमलं. यकृताची वाट इतकी सरळ का नव्हती, ते यावरून लक्षात येईल.

कुत्रा आणि माणूस

१९५५ मध्ये अमेरिकेतल्या ऑल्बनीत स्टुअर्ट वेल्च यांनी कुत्र्याच्या पोटात एक जादा यकृत बसवून पाहिलं. मूळ यकृत जागेवरच ठेवलं होतं. नवं यकृत काही दिवसांत आक्रसलं. शरीराने परका अवयव नाकारला, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की नाकारणं हे अर्धंच कारण होतं. आतड्याकडून आणि स्वादुपिंडाकडून येणारं पोर्टल शिरेतलं रक्त त्या जादा यकृताला मिळतच नव्हतं, आणि त्या रक्तातल्या इन्सुलिनशिवाय यकृत सुकतं. निरीक्षण बरोबर होतं, स्पष्टीकरण अपुरं. थिसिस लिहायला बसाल तेव्हा ही जोडी तुम्हाला वारंवार भेटेल.

१९५८ च्या सुमारास बोस्टनमध्ये फ्रान्सिस मूर आणि शिकागोत थॉमस स्टार्झल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, कुत्र्याचं यकृत पूर्ण काढून त्याच जागी दुसरं बसवायला सुरुवात केली. इथे एक अडचण आली. यकृत काढताना खालून हृदयाकडे जाणारी महाशीर आणि पोर्टल शीर या दोन्ही काही काळ बंद कराव्या लागतात. तसं केलं की रक्त खालीच तुंबून कुत्रा मरायचा. म्हणून प्लास्टिकच्या नळ्यांतून रक्त वळवून वरच्या शिरांत सोडायची युक्ती निघाली. या बायपासशिवाय कुत्रा वाचत नाही हे पक्कं झालं. मग माणसातही तो लागणारच, असं धरलं गेलं. हे वाक्य लक्षात ठेवा, लगेच त्याच्याकडे येते.

१ मार्च १९६३, डेन्व्हर. स्टार्झल तोवर कोलोरॅडो विद्यापीठात आले होते. पेशंट तीन वर्षांचा मुलगा, जन्मापासून पित्तनलिका नीट तयार न झालेला. आधीच्या ऑपरेशनांमुळे पोटात सगळं एकमेकांना चिकटलेलं, आणि दाबामुळे जागोजागी शिरा फुगलेल्या. नुसतं यकृतापर्यंत पोचायलाच कित्येक तास गेले. प्रत्येक चिरेतून रक्त झिरपत राहिलं, आणि ऑपरेशन पुरं व्हायच्या आत मूल टेबलावरच गेलं.

दुसरा पेशंट मे महिन्यात, वय ४८, यकृताचा कॅन्सर. या खेपेला टीमने रक्त गोठावं म्हणून कसून तयारी केली होती. गुठळी विरघळू न देणारं औषध वापरलं. ऑपरेशन पार पडलं, नवं यकृत कामाला लागलं, आणि पेशंट २२ दिवसांनी गेला. कारण रक्तस्राव नव्हता, उलट गुठळ्या फुप्फुसात जाऊन अडकल्या होत्या. पुढच्यांच्या बाबतीतही फुप्फुसातल्या गुठळ्यांनीच घात केला. त्या बहुधा बायपासच्या नळ्यांमध्ये संथ वाहणाऱ्या रक्तात तयार होत होत्या, आणि गोठवणाऱ्या उपायांनी त्यात भर घातली होती.

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य. नंतर दिसून आलं की बहुतेक माणसांना तो बायपास लागतच नव्हता! कारण सोपं आहे, पण आधी सुचणं अवघड. प्रयोगातला कुत्रा निरोगी होता. माणूस वर्षानुवर्षं आजारी होता, आणि त्या आजारपणात पोर्टल शिरेतला दाब वाढत गेल्यामुळे शरीराने रक्ताला आडवाटा तयार करून दिल्या होत्या. मुख्य रस्ता बंद केला तरी रक्त गल्लीबोळातून हृदयाकडे पोचत होतं. म्हणजे ज्या फुगलेल्या शिरांनी पहिल्या मुलाचा जीव घेतला, त्याच शिरा इतरांना नळ्यांविना तारू शकल्या असत्या. प्राणी-मॉडेलवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण टेबलासमोर चिकटवून ठेवावं असं मला वाटतं. मॉडेल चुकीचं नव्हतं. फक्त त्याला तो आजारच नव्हता.

डेन्व्हरमध्ये त्या वर्षी पाच, बोस्टनमध्ये एक, आणि १९६४ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये एक. सात पेशंट, आणि २३ दिवसांपुढे कोणीच गेलं नाही. आपल्या प्रश्नाचं उत्तर इथे द्यायचं तर, सातव्या पेशंटला सांगण्यासारखा आकडा होता शून्य. त्यांना प्रत्यक्षात काय सांगितलं गेलं असेल, याचा विचार करताना एवढं ध्यानात घ्या की माणसांवरच्या संशोधनाची नीती सांगणारी हेलसिंकी घोषणा जून १९६४ मधली आहे, म्हणजे या सातही ऑपरेशनांच्या नंतरची.

डेन्व्हरच्या टीमने अपयश दडवलं नाही, याची मात्र नोंद घ्यायला हवी. सुरुवातीच्या पेशंटचे मृत्यू, त्यांची कारणं, शवविच्छेदनात काय सापडलं, हे सगळं डिसेंबर १९६३ मध्येच शोधनिबंध म्हणून छापून आलं. आणि त्यानंतर सगळे थांबले. तीन वर्षांहून अधिक काळ कुणीही हे ऑपरेशन माणसावर केलं नाही. कुठल्या सरकारने बंदी घातली नव्हती, आपणहून थांबले.

पहिलं यश, पण कशाचं?

थांबलेल्या काळात काम चालूच होतं. काढलेलं यकृत थंड कसं ठेवायचं, प्रतिकारशक्ती कशी दाबायची, यावर. घोड्यांना माणसाच्या लिम्फ पेशी टोचून त्यांच्या रक्तातून एक प्रतिद्रव्य काढलं गेलं, ते अॅझाथायोप्रिन आणि स्टेरॉइडच्या जोडीला द्यायचं. जुलै १९६७ मध्ये डेन्व्हरला १९ महिन्यांच्या मुलीवर ऑपरेशन झालं. ती एक वर्षाहून अधिक जगली. पाठ्यपुस्तकात जगातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण म्हणून जे छापलेलं असतं ते हेच.

ती मुलगी पुढे गेली, कारण तिचा मूळ आजार यकृताचा कॅन्सर होता आणि तो परत आला. नव्या यकृताने दगा दिला नव्हता. मग याला यश म्हणायचं का? सर्जनच्या दृष्टीने हो, आणि तो खोटेपणाही नाही, कारण एवढा काळ दुसऱ्याचं यकृत माणसात चालू शकतं हे तिच्यामुळेच सिद्ध झालं. आईवडिलांच्या दृष्टीने उत्तर तेच असेल असं नाही. यश हा शब्द कोणाच्या खुर्चीत बसून वापरलाय ते आधी बघायचं.

कॅन्सर परत येण्याचा हा अनुभव तेव्हा पुन्हा पुन्हा आला, आणि मोठ्या कॅन्सरसाठी यकृत बदलणं हळूहळू मागे पडलं. त्याचा निकाल लागला १९९६ मध्ये. इटलीतल्या मिलानच्या व्हिन्सेन्झो मात्झाफेरो यांच्या गटाने फक्त ४८ पेशंटचा अभ्यास छापला: गाठ एकच आणि ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी आणि प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंत, आणि रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही, असे पेशंट निवडले तर चार वर्षांनी सुमारे ७५ टक्के जिवंत होते. आजही सर्जन ‘मिलानमध्ये बसतो का’ असं विचारतात ते यावरून. गंमत अशी की ऑपरेशन तेच राहिलं. बदलला तो छेद.

१९६८ च्या मे महिन्यात केंब्रिजमध्ये रॉय कॅल्न यांनी युरोपातला कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी हार्वर्डच्या समितीने मेंदू-मृत्यूची व्याख्या मांडली. हृदय चालू असताना अवयव काढता येण्याचा रस्ता तिथून खुला झाला. पण आकडे काही हलत नव्हते. १९६३ पासून सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत स्टार्झल यांच्या गटाने १७० पेशंटवर ऑपरेशन केलं, त्यातले साधारण एक तृतीयांश वर्षभर जगले. जानेवारी १९७० मध्ये ऑपरेशन झालेली एक लहान मुलगी पुढे चार दशकांहून जास्त जगली. म्हणजे सरासरी भयानक, आणि त्यातच एखादं माणूस पूर्ण आयुष्य जगतंय. ‘३३ टक्के’ या आकड्यात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आहेत, आणि पेशंटला दोन्ही कळायला हव्यात. आकडा गटाचा असतो, पेशंट एकटा असतो.

नॉर्वेची माती, जपानची माती

पुढचा भाग तुम्ही इम्युनॉलॉजीत वाचला असेल, म्हणून भरभर सांगते. नॉर्वेतल्या हार्डांगरव्हिडा पठारावरून १९६९ मध्ये आणलेल्या मातीत एक बुरशी सापडली. बासेलच्या सँडोझ कंपनीत ती खरं तर नवीन अँटिबायोटिक मिळेल म्हणून तपासत होते. १९७२ मध्ये तिच्यातल्या द्रव्याचा प्रतिकारशक्तीवरचा परिणाम लक्षात आला. हेच सायक्लोस्पोरिन. कॅल्न यांनी १९७८ मध्ये ते पेशंटना दिलं. स्टार्झल यांनी १९८० मध्ये त्याला स्टेरॉइडची जोड दिली, आणि त्यांच्या पहिल्या १२ पेशंटपैकी ११ जण वर्षाच्या पुढे जगले. मोठ्या संख्येत हा आकडा सत्तर टक्क्यांच्या आसपास स्थिरावला. एक तृतीयांशावरून एवढी उडी, तीही एका औषधाने.

आणि पुन्हा तोच कुत्रा-माणूस धडा. प्राण्यांमध्ये फारसा न दिसलेला किडनीवरचा दुष्परिणाम माणसात ठळकपणे दिसला. नंतर जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतून मिळालेलं टॅक्रोलिमस १९८९ पासून पेशंटना देऊ लागले. आज यकृताच्या पेशंटना मुख्यतः तेच देतात. किडनीवरचा परिणाम त्यातही आहे. म्हणून पेशंटची क्रिएटिनिन आणि औषधाची रक्तातली पातळी आयुष्यभर बघत राहावी लागते. पातळी कमी पडली तर यकृत नाकारलं जाण्याची भीती, जास्त झाली तर किडनी धोक्यात. हे औषध यकृतातल्या आणि आतड्यातल्या ज्या एन्झाइमने मोडलं जातं, त्याच एन्झाइमला ग्रेपफ्रूट आणि आपलं पपनस अडवतं, आणि मग औषध रक्तात साचतं. एखादं अँटिबायोटिक, टीबीचं रिफाम्पिसिन, कुणी सांगितलेला काढा, या सगळ्यांनी ही पातळी इकडेतिकडे होऊ शकते. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य अशा घरात चालत नाही. औषध आपल्या मनाने बंद करणं तर त्याहून वाईट. वर्षानुवर्षं तब्येत छान असते, गोळी चुकली तरी त्या दिवशी काहीच होत नाही, आणि तिथेच माणूस फसतो.

जून १९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी एक परिषद बोलावली. प्रश्न असा: यकृत प्रत्यारोपण प्रयोग आहे की उपचार? हा शब्दांचा खेळ नव्हता. प्रयोग म्हटलं की विमा कंपनी पैसे देत नाही. पिट्सबर्ग, केंब्रिज, हॅनोव्हर आणि ग्रोनिंगेन या चार केंद्रांचे मिळून ५३१ पेशंट समोर ठेवले गेले. यादृच्छिक चाचणी एकही नव्हती. ज्याचं यकृत संपलंय त्याला चिठ्ठी टाकून ऑपरेशन नाकारणार कसं? परिषदेने निर्णय दिला की हा उपचार आहे आणि त्याचा जास्त व्यापक वापर व्हायला हवा. प्रत्येक गोष्टीला आरसीटीच हवी म्हणणाऱ्या मित्राला ही गोष्ट सांगा. आणि ‘आरसीटी नसली तरी चालतं’ म्हणणाऱ्यालाही सांगा, की इथे तुलना ज्या पर्यायाशी होती तो पर्याय जवळजवळ निश्चित मृत्यू होता. तुमच्या विषयात तसं आहे का ते बघा.

परिषदेने मागणी वाढवली, यकृतं वाढली नाहीत. १९८२ मध्ये अमेरिकेत एका बापाने बालरोगतज्ज्ञांच्या संमेलनात उभं राहून आपल्या मुलीसाठी यकृत मागितलं, बातमी देशभर गेली, आणि मुलीला यकृत मिळालं. ज्याचा बाप असा बोलू शकत नाही त्या मुलाचं काय? १९८४ मध्ये तिथे अवयववाटपाचा कायदा झाला, त्यामागे हाच प्रश्न होता.

निरोगी माणसाला टेबलावर घ्यायचं का?

आता आपण भारतातल्या वाचकांना सगळ्यात जवळचा असलेल्या भागाकडे येतो. यकृताचं दोन गोष्टींमुळे जमतं. एक, ते परत वाढतं. उंदराचं दोन तृतीयांश यकृत कापलं तरी थोड्याच दिवसांत वजन भरून निघतं, हे हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्येच दाखवलं होतं. आमच्या क्षेत्रात तो प्रयोग आजही जवळजवळ तसाच करतात. दुसरी गोष्ट, फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ क्लोद क्विनो यांनी १९५७ मध्ये दाखवून दिलं की यकृत आठ भागांचं आहे, आणि प्रत्येक भागाला स्वतःच्या रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका आहेत. तेव्हा नीट कापलं तर एक तुकडा देता येतो.

साओ पावलोमध्ये डिसेंबर १९८८ मध्ये जिवंत दात्याकडून पहिला प्रयत्न झाला, मूल वाचलं नाही. जुलै १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला रसेल स्ट्राँग यांनी एका जपानी आईच्या यकृताचा तुकडा तिच्या बाळाला बसवला, आणि ते यशस्वी झालं. जपानी कुटुंब ऑस्ट्रेलियात का गेलं? जपानमध्ये मेंदू-मृत्यूनंतरच्या अवयवदानाला तेव्हा कायदाच नव्हता, तो १९९७ मध्ये आला. म्हणून पुढे क्योटोने जिवंत दात्यांचं शास्त्र इतकं पुढे नेलं. मृत दाते मिळत नाहीत तिथे भार जिवंतांवर पडतो. आपल्याकडेही कायदा असून तेच झालंय, त्याबद्दल पुढे.

शिकागोची पद्धत मला जास्त शिकण्यासारखी वाटते. तिथल्या टीमने ऑपरेशनच्या आधी, १९८९ मध्ये, नीतीविषयक निबंध एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापला: आम्ही हे करणार आहोत, धोका एवढा वाटतो, संमती अशी घेऊ. दात्याच्या बाजूने विचार करणारा वेगळा डॉक्टर, संमतीनंतर विचार बदलायला वेळ. मग नोव्हेंबरमध्ये पहिलं ऑपरेशन केलं, एका आईकडून मुलीला. एवढी तयारी करूनही त्या आईची प्लीहा ऑपरेशनमध्ये दुखावली आणि काढून टाकावी लागली. ती जगली, मूलही जगलं. पण दात्याला धोका नाममात्र असतो असं म्हणणाऱ्यांना पहिल्याच दिवशी उत्तर मिळालं होतं.

मुलाला डाव्या बाजूचा लहान तुकडा पुरतो. मोठ्या माणसाला बहुधा उजवा भाग लागतो, म्हणजे दात्याच्या यकृताचा साठ टक्क्यांच्या आसपास हिस्सा. नव्वदच्या दशकात हे सुरू झालं आणि धोका वाढला. जानेवारी २००२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयात भावाला यकृत देणारा दाता ऑपरेशननंतर मरण पावला, आणि अमेरिकेत अशा ऑपरेशनांची संख्या घसरली. दात्याच्या मृत्यूचा धोका आज साधारण हजारी एक ते पाच असा सांगितला जातो, उजव्या भागाला वरच्या टोकाचा. हजारी पाच म्हणजे ९९.५ टक्के सुरक्षित, असं लिहिलं की वाचायला छान वाटतं. फक्त हे विसरू नका की या छेदातला प्रत्येक माणूस ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ठणठणीत होता.

रांग कशी लागते

अमेरिकेत मृत दात्याचं यकृत आधी कोणाला, हे एकेकाळी बरंचसं वाट पाहण्याच्या काळावर ठरायचं. ऐकायला न्याय्य वाटतं, रेशनच्या रांगेसारखं. पण लवकर नाव नोंदवलेला माणूस जास्त आजारी असतोच असं नाही, आणि रांगेतला काळ मृत्यूचा अंदाज जवळजवळ सांगतच नाही असं दिसलं. मेयो क्लिनिकमध्ये बंगळुरूहून गेलेले पॅट्रिक कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्याच कामासाठी, एका शिरेच्या प्रक्रियेनंतर कोण दगावेल हे ओळखायला, एक सूत्र बनवलं होतं. बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन, बस. तीन साध्या रक्ततपासण्या. २७ फेब्रुवारी २००२ पासून अमेरिकेतली रांग त्या सूत्रावर, म्हणजे मेल्ड स्कोअरवर लागू लागली.

जलोदर किती आहे, पेशंट गोंधळलेला दिसतो का, असे डॉक्टरच्या नजरेवर अवलंबून असलेले मुद्दे यातून गेले, हे चांगलं झालं. पण क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून असतं, बायकांमध्ये ते मुळात कमी असतं. त्यामुळे तितक्याच आजारी बाईचा स्कोअर पुरुषापेक्षा कमी यायचा आणि ती रांगेत मागे राहायची. सूत्रात कुठेही लिंग लिहिलेलं नव्हतं, तरी. हे दुरुस्त करणारं मेल्ड ३.० अमेरिकेत २०२३ मध्ये लागू झालं. मशीन लर्निंगवाल्यांनो, हे वाचताय ना?

आपल्याकडे मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये आला. नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात २० महिन्यांच्या मुलाला वडिलांच्या यकृताचा भाग बसवला गेला, आणि भारतातलं ते लहान मुलाचं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण ठरलं. तो मुलगा पुढे डॉक्टर झाला. महाराष्ट्रात मृत दात्यांचे अवयव झेडटीसीसी नावाच्या समन्वय समित्यांमार्फत वाटले जातात: मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. नाव नोंदवलं जातं ते रुग्णालयामार्फत. पण देशात होणाऱ्या यकृत प्रत्यारोपणांत जिवंत दात्यांचाच वाटा मोठा आहे, आणि जिवंत दात्यांमध्ये बायका जास्त असतात. सूनबाई, आई, बहीण. कायदा म्हणतो संमती स्वखुशीची हवी. एकत्र जेवणाऱ्या घरात स्वखुशी मोजायची कशी, याचं रक्ततपासणीतून निघणारं सूत्र अजून कोणी बनवलेलं नाही. दात्याशी कोणी घरच्यांना बाहेर बसवून एकटीशी बोललं का, आणि ‘नको’ म्हणाल्यावर ते कारण गुप्त राहील याची हमी दिली का, एवढं तरी बघता येतं.

दारूमुळे यकृत गेलेल्यांचाही एक छेद आहे. सहा महिने दारू सोडल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, हा नियम बऱ्याच ठिकाणी होता. २०११ मध्ये फ्रान्स-बेल्जियमच्या गटाने दाखवलं की तीव्र अल्कोहोलिक हिपॅटायटिसच्या, औषधांना दाद न देणाऱ्या, काळजीपूर्वक निवडलेल्या २६ जणांचं लवकर प्रत्यारोपण केलं तर सहा महिन्यांनी ७७ टक्के जिवंत होते. तसेच पेशंट, पण प्रत्यारोपण न झालेले, २३ टक्के. म्हणजे त्या नियमाने अडवलेले बरेच लोक सहा महिने पुरे व्हायच्या आतच जात होते, आणि त्यांची गणती प्रत्यारोपणाच्या यशापयशात कधी झालीच नाही.

तेव्हा तुमच्या ओळखीत कोणावर ही वेळ आली आणि ‘तू सायन्सवाला, तू चल सोबत’ म्हणून तुम्हाला नेलं, तर आकडा ऐकून मान डोलवू नका. हा आकडा जगाचा, की या रुग्णालयाचा? एक वर्षाचा की पाच वर्षांचा? आमच्या पेशंटसारख्या, याच आजाराच्या आणि इतक्याच गंभीर लोकांचा काय आहे? गेल्या वर्षी इथे किती जिवंत दात्यांचं ऑपरेशन झालं, त्यातल्या किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं? दात्याचं किती टक्के यकृत मागे उरणार आहे, ते स्कॅनवर मोजलंय का? औषधांचा आणि तपासण्यांचा दरमहा खर्च किती, पहिलं वर्ष सरल्यावर किती? लिहून घ्या, तारखेसकट. आणि दाता जर खोलीतच बसला असेल, तर त्याचे प्रश्न त्यालाच विचारू द्या, वेगळ्या दिवशी, वेगळ्या डॉक्टरला.